रुंद पायांचं स्टँड

ते स्टँड मी निवडलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नावं ठेवायची वेळ आली तर सुरुवात माझ्यापासून होईल.

आमच्या ह्यांच्याकडे मोटारसायकल होती. लालबागच्या चाळीत, गिरणीकामगाराच्या घरी! लोक अजून विचारतात, लॉटरी लागली होती काय? कसली लॉटरी. हे गिरणीच्या वर्कशॉपात फिटर. मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक फिरत फिरत ह्यांच्या हाती आली. चाकं होती, टाकी होती, इंजिन पोत्यात बांधलेलं. दोन वर्षं दर रविवारी चाळीच्या पटांगणात बसून हे ती जोडत होते. माझं लग्न होऊन मी घरात आले तेव्हा गाडी सुरू व्हायला लागली होती, पण उभी राहत नव्हती.

उभी राहत नव्हती म्हणजे तिचं मागचं स्टँड मोडलेलं. आताच्या गाड्यांना पोटाखाली स्टँड असतं, बाजूला एक तंगडी असते. त्या जुन्या गाडीला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना अडकवलेली एक लोखंडी कमान होती. चालवताना ती शेपटीसारखी वर उचलून मडगार्डला अडकवायची. उभी करायची तर कमान खाली सोडायची आणि गाडी मागे ओढून तिच्यावर चढवायची. मग मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर, अधांतरी. आमच्या कमानीचा एक पाय वाकलेला होता, त्यामुळे गाडी भिंतीला टेकवावी लागायची. आणि लालबागेत भिंतीच्या कडेला कुणाच्या ना कुणाच्या मिरच्या वाळत असतातच.

"गो, तुझी सवत आज माझ्या मिरच्यांवर निजली!" शेजारची काकी ओरडायची. रोजचं भांडण. शेवटी हे म्हणाले, चल, स्टँडच आणू.

लग्नानंतर आम्ही दोघंच असे पहिल्यांदा बाहेर पडलो ते चौपाटीवर नाही, राणीच्या बागेत नाही, भंगारबाजारात. मी ठेवणीतलं पातळ नेसले होते. दोन्ही बाजूंना गंजलेलं लोखंड आणि मधून मी काठ सांभाळत चालले आहे. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. ह्यांनी काय हवं ते सांगितलं. चाचांनी आतून तीन कमानी आणून फरशीवर टाकल्या.

पहिली हलकी, उंच, पातळ पायांची. ह्यांचा डोळा तिच्यावर. दुसरीचा एक पाय कापून पुन्हा जोडलेला, जोड उघड दिसत होता. तिसरी जाडजूड, आणि तिचे पाय बदकासारखे चपटे, दोन्ही बाजूंना चांगले फाकलेले.

"कौनसी लूँ, चाचा?"

"मेरे को क्या पूछता है? घरवाली साथ में है ना, उसको पूछ. चलाएगा तू, लेकिन खडी तो इसके सामने रहेगी."

मला हसू आलं. गाडीला मी कधी हातसुद्धा लावला नव्हता. पण पाट घेताना आपण काय करतो? पोळपाट घेताना? जमिनीवर ठेवतो आणि दाबून बघतो, डुगडुगतोय का. मी पदर खोचला, खाली बसले आणि एकेक कमान उभी करून वरून दाबली. पातळ पायांची डुगडुगली. जोडलेली किंचित कलली. बदकपायी जागची हलली नाही.

"ही," मी म्हटलं.

"जड आहे गं."

"असू दे. पडायची नाही."

चाचा खूश झाले. "बाई ने सही पकडा. पण शेठ, जागा बघून घे. ये पाय फैला के बैठता है."

जागा कोण बघणार? गाडी पटांगणात राहायची होती आणि पटांगण केवढं मोठं.

हे गाडी स्टँडवर चढवायचे ते बघायला चाळ जमायची. डाव्या हाताने हँडल, उजव्या हाताने मागचं कॅरिअर. पायाने कमान खाली दाबायची, तिचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले का ते वाकून बघायचं, आणि मग आपलं सगळं अंग त्या दाबलेल्या पायावर टाकायचं. गाडी सुरकन मागे सरकून वर चढायची. चाळीतले तालीमबाज गडी पैज लावून हातांनी ओढायचे. गाडी अर्ध्यावर यायची आणि धपकन खाली. आमचे हे हडकुळे, वारा आला तर धरून ठेवावेत असे, पण एका झटक्यात. मला म्हणाले, "सगळे हातांनी उचलायला जातात. उचलायचीच नाही. नुसतं स्टँडवर उभं राहायचं." एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग चळवळ पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद, ट्राम बंद. अश्रुधुराचा वास आमच्या भातालासुद्धा लागायचा. दगड उडायचे, लाठ्या फिरायच्या, आणि पटांगणात जे उघड्यावर असेल त्याचं दोन्हीकडून भरीत व्हायचं. गाडीचा दिवा फुटला त्या संध्याकाळी ह्यांनी ती खोलीत घेतली.

आमची खोली तळमजल्यावर. लांबट, अरुंद, आगगाडीच्या डब्यासारखी. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला चूल आणि मोरी. एका भिंतीला सासूबाईंची खाट आणि ट्रंका. उरलेल्या पट्ट्यात गाडी, तोंड चुलीकडे, शेपूट दाराकडे. भिंतीला टेकवावी तर वर फळीवर डबे आणि देव, म्हणून ती मधोमध स्टँडवर सरळ उभी. दार आतल्या बाजूला उघडायचं आणि स्टँडच्या बदकपायावर येऊन थांबायचं. फट राहायची वीतभर आणि चार बोटं. पातळ पायांची कमान घेतली असती तर दार आणखी बरंच उघडलं असतं. हे मी तेव्हाच मनात मोजलं होतं, कुणाला बोलले नाही.

त्या फटीतून हे जायचे. सासूबाई जायच्या, त्या म्हणजे नुसती काठीवर गुंडाळलेली नऊवारी. मीही जायचे. पण मला दिवस गेलेले होते. पाचव्यात मी सहज गेले, सहाव्यात श्वास रोखून गेले. शिवाय हे सकाळी गाडी बाहेर काढायचे, तेव्हा दिवसभर दार सताड उघडं. अडचण अशी काही नव्हती.

मग एका सकाळी हे मोर्चाला गेले. गाडी नेली नाही. "संध्याकाळपर्यंत येतो," म्हणाले, आणि सासूबाईंना बजावलं, "आये, गाडयेक कोणाक हात लावूक देव नको." फटीतून तिरके होऊन गेले. संध्याकाळी शेजारच्या काकीने दाराशी येऊन सांगितलं की ह्यांना धरून नेलंय, बरोबर चाळीतले आणखी पाच-सहा जण आहेत, आणि आता महिना-दोन महिने तरी सुटका नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, तेव्हा तशीच पद्धत होती. त्या उठल्या, गाडीच्या फुटक्या दिव्याला कुंकू लावलं, आणि खाटेवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर जायला निघाले आणि फटीत अडकले. एक खांदा बाहेर, पोट आत. दाराची कड पाठीत, चौकट पोटाला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. काकी बाहेरून हात ओढते आहे, आत्याबाई आतून म्हणताहेत, "सोड गो तिका, सोड!" शेवटी आत्याबाईंनी मला कमरेला धरून हळूहळू मागे घेतलं, बाटलीत अडकलेलं बूच काढावं तसं. मी जमिनीवर बसून रडले. पोटात बाळ जोरजोरात फिरत होतं.

तुम्ही म्हणाल, गाडीवर बसून तीच पुढे रेटून स्टँडवरून का उतरवली नाही? तो प्रयत्नही केला. पाय टाकणार तेवढ्यात आत्याबाई किंचाळल्या. पोटुशीने काही ओलांडायचं नसतं, दोरीसुद्धा नाही, आणि ही तर लष्करातली गाडी, हिच्यावर कोण कोण मेलं असेल! मग म्हटलं, कुणातरी गड्याला बोलवा, गाडी खाली उतरवू द्या. काकीचा दीर तयार होता.

"नाय," आत्याबाई म्हणाल्या. "त्याने लावली, तोच काढतलो. माझो झील येतलो, मगे गाडी हालतली."

मी पुष्कळ वाद घातला. तेव्हा मला ते निव्वळ हट्टाचं वाटलं. रोज सकाळी दिव्याला कुंकू, गाडीच्या सीटवरून फडकं. ह्यांच्या हातचं घरात तेवढंच एक जसंच्या तसं राहिलं होतं. पण सातव्या महिन्यात माणसाला दुसऱ्याच्या मनाचे हे कप्पे दिसत नाहीत. मला फक्त दार दिसत होतं.

कोंडलेलं असणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. सगळे आवाज यायचे. बुटांचे, पळण्याचे, "झालाच पाहिजे"च्या घोषणा, मधूनच सगळं चिडीचूप. काय झालं ते दिसायचं नाही. फटीतून समोरच्या भिंतीचा एक पट्टा आणि जिन्याच्या तीन पायऱ्या, एवढीच मुंबई. संडास चाळीच्या टोकाला. मी जाणार कशी? आत्याबाईंनी एक एनॅमलचं भांडं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी दोन दिवस ते वापरलं नाही. तिसऱ्या दिवशी वापरावंच लागलं. त्या ते फडक्याखाली झाकून फटीतून घेऊन जायच्या, धुऊन परत आणायच्या. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. सुनेचं भांडं सासू उचलते आहे! त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि मीही त्यांना कधी "ठेवा, राहू दे" म्हटलं नाही. म्हणून काय करणार होते?

एक चूक मी आणखी केली. नळाचं पाणी तोडणार अशी आवई उठली. ट्रंकांवर उपडं ठेवलेलं एक जादा पिंप होतं, रिकामं. ते भरून ठेवायला जागा एकच होती, गाडीच्या पुढच्या चाकासमोरची. मी ते तिथे सरकवलं, चाकाला भिडवून, आणि आत्याबाईंनी सीटवरून दिलेल्या कळशा त्यात ओतून काठोकाठ भरलं. मला बरं वाटलं, काहीतरी काम केलं म्हणून. मग चूल पेटवता पेटवता लक्षात आलं. गाडी स्टँडवरून उतरवायची तर ती पुढे ढकलावी लागते. पुढे आता पाण्याने भरलेलं पिंप होतं, आणि ते दोन गड्यांना हललं नसतं. स्टँड मी निवडलेलं, पिंप मी भरलेलं. स्वतःच्या हाताने आतून कडी घालावी तसं झालं.

आता यात माझं काय अडलं होतं ते सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माझं माहेर ठाकूरद्वारला, लांब नाही, पण तेव्हा विलायतेइतकं लांब. पोटुशीला सातव्यात हलवायची, आठव्यात हलवायची नाही. आठवा फार नाजूक, म्हणे. म्हणजे सातवा संपायच्या आत मी निघाले नाही तर अख्खा आठवा तिथेच, आणि नवव्यात शहर कसं असेल कोण सांगणार? पलीकडच्या खोलीतल्या बाईचं बाळंतपण संचारबंदीतच झालं होतं. सुईण चार गल्ल्यांवर, पण तिला येता आलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती बाई ओरडत होती आणि भिंतीच्या अलीकडे मी बसले होते. दोघं जगली, देवाची कृपा. पण तो आवाज माझ्या अंगात शिरला. मला माझी आई हवी होती. बाकी काही नको होतं.

आणि महिन्याच्या हिशेबातही गोम. माझी आई दिवस मोजायची, आत्याबाई चंद्र मोजायच्या. आईच्या हिशेबाने सातव्याचे अजून काही दिवस हातात होते. आत्याबाईंचा सातवा अमावास्येला संपत होता. मी रोज देवाला सांगत होते, अमावास्येच्या आत कुणीतरी येऊ दे. कुणी आलं नाही. अमावास्या झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास संचारबंदी उठली, आणि फटीत माझ्या दादाचं तोंड दिसलं.

दादा, माझा थोरला भाऊ, आईवर गेलेला, अंगाने भरपूर. तो ठाकूरद्वारहून व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, घेऊन आला होता. गाडीवाला नाक्यावर थांबला होता आणि थांबायला मुळीच तयार नव्हता. दादाने दार ढकललं, ते बदकपायावर आपटलं. त्याने खांदा घालून पाहिला, मग नुसता हात आत घातला.

"अगं, चल लवकर! आईने सांगितलंय, आजच आण."

"कशी येऊ? बघतोस ना?"

"हे काय मधे लावून ठेवलंय!" त्याने हात लांबवून कॅरिअर धरलं आणि जोरात स्वतःकडे ओढलं. तसं ओढून काय होणार? स्टँडवर गाडी आणखीच घट्ट बसली.

आत्याबाई खाटेवरून उठून मधे उभ्या राहिल्या. "आठवो लागलो तिका. आठव्यात बाईमाणसाक हलवूक नाय."

"आमच्या आईच्या हिशेबाने अजून चार दिवस आहेत, मावशी."

"तुमच्या आवशीक चंद्र दिसणा नाय?"

"इथे सुईण येईल का, मावशी, संचारबंदीत?"

आत्याबाईंनी पलीकडच्या भिंतीकडे बघितलं. तो आवाज त्यांनीही ऐकला होता. नाक्यावरून गाडीवाल्याची हाक आली, "ओ सेठ! मैं जाता है!"

मी तांब्या घेतला, पिंपाशी गेले आणि वाकून पाणी उपसायला लागले. भांडी सगळी भरलेली होती, म्हणून पाणी मोरीत. एक तांब्या, दुसरा तांब्या. एवढं मोठं पिंप, मी किती वेळात रिकामं करणार होते? पाचव्या तांब्याला कमरेत कळ आली आणि मी थांबले.

आत्याबाईंनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. "बाजूक हो. वाकू नको." तांब्या खाली ठेवला आणि कळशी घेतली. त्या कळशी बुडवायच्या आणि ओतायच्या, बुडवायच्या आणि ओतायच्या. तीन दिवसांचं साठवलेलं पाणी, एकेक कळशी नळावर भांडून आणलेलं, मोरीतून घळाघळा वाहून चाललं होतं. पिंप निम्म्याच्या खाली गेलं तेव्हा त्यांनी त्याला पाय लावून भिंतीकडे लोटलं. मग फडक्याला हात पुसले, गाडीच्या दिव्याला हात लावून नमस्कार केला, आणि हँडल धरलं.

"ढकल रे," दादाला म्हणाल्या.

दादाने फटीतून हात घालून कॅरिअर ढकललं. गाडी हलली, स्टँडवरून उतरली आणि धाडकन मागच्या चाकावर आली. फळीवरचे डबे वाजले. बदकपाय हातभर पुढे गेले आणि दार भिंतीपर्यंत उघडलं. किती दिवसांनी! उजेड एकदम चुलीपर्यंत आला.

मी बोचकं घेऊन बाहेर पडले. नमस्कार करायचंही भान राहिलं नाही. ओटीवर उभी राहून मागे बघते तर आत्याबाई गाडी धरून उभ्या. गाडी एका अंगाला कललेली आणि त्यांनी खांदा लावून तोलून धरलेली. सोडली असती तर खाटेवर, फळीवर, देवांवर कोसळली असती.

दादा आत गेला. "मी लावतो परत," म्हणाला. त्याने कमान खाली केली, दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं आणि उचलायला गेला. गाडी अर्ध्यावर आली आणि धपकन खाली. पुन्हा उचललं, पुन्हा धपकन. त्याला घाम फुटला. नाक्यावर घोड्याच्या टापा वाजल्या.

मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं: दादा, हातांनी नको, स्टँडवर उभा राहा. दादाचं एवढं वजन, गाडी पहिल्या झटक्यात चढली असती. वाक्य तोंडात आलं होतं, खोटं कशाला बोलू? आणि मी ते गिळलं. वाटलं, आणखी थोडा वेळ गेला तर व्हिक्टोरिया जाईल. वाटलं, गाडी परत स्टँडवर चढली, आत्याबाईंचे हात मोकळे झाले, की त्या मन बदलतील, मला हाताला धरून आत घेतील. त्या गाडी धरून उभ्या होत्या तोवर मला अडवायला त्यांच्याकडे हात नव्हता. असा विचार केला मी. पुरा केला.

"जावा तुम्ही," आत्याबाई म्हणाल्या. "मी धरतंय."

"मावशी, पण..."

"जा गो. माझे हात भरान इले, बोलाक लाव नको."

आम्ही गेलो. लालबागपासून ठाकूरद्वारपर्यंत दादा सांगत होता, कुणीतरी येईलच, काकी आहे ना शेजारी. भायखळ्याचा पूल ओलांडला तरी मला माझ्याच खांद्यावर गाडीचं वजन वाटत होतं.

माहेरी मला मुलगी झाली, सुखरूप. सुईण शेजारच्याच वाडीतली, हाकेसरशी आली. बारशाला आत्याबाई आल्या. हे अजून सुटले नव्हते. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या कानात सांगायचं ते सांगितलं, घुगऱ्या खाल्ल्या. मी वाट बघत होते, त्या दिवसाचं काहीतरी बोलतील. नाही बोलल्या. शेवटी मीच विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी किती वेळ धरलीत?"

"कोण मोजता?"

काकीकडून मागाहून कळलं. काकी त्या सकाळी भाकरीच्या पिठासाठी रांगेत होती. ती परत आली तेव्हा संचारबंदी पुन्हा लागली होती, म्हणजे दीड तास तरी झाला असेल. आत्याबाई तशाच उभ्या होत्या, केस सुटलेले, ओठ कोरडे. पाणी तीन हातांवर होतं पिंपात, पण घेता येत नव्हतं. काकीच्या दिराने येऊन गाडी खाटेला दोरीने बांधली.

हे सुटून आले. मी तिसऱ्या महिन्यात मुलीला घेऊन परत गेले. गाडी पटांगणात गेलेली होती. ह्यांनी एकदा विचारलंच, "आये, गाडी स्टँडवरसून कोणी काढलेन?" आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. "आपसूक उतारली," म्हणाल्या. हे माझ्याकडे बघायला लागले. मी मुलीचा लंगोट बदलायला घेतला.

काही दिवसांनी पुन्हा तसलीच गडबड सुरू झाली. दुपारची वेळ, हे पाळीला गेलेले. रस्त्यावरून पळापळीचा आवाज यायला लागला, दुकानांच्या फळ्या पटापट पडल्या. आत्याबाई माझ्या आधी पटांगणात. आम्ही दोघींनी गाडी ढकलत खोलीशी आणली. दाराशी त्या तोंड आत करायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "आत्याबाई, या वेळी उलटी घेऊ. शेपूट चुलीकडे."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हँडल फिरवलं. गाडी मागे मागे करत आत घेतली. बदकपाय चुलीच्या अंगाला राहिले, दार भिंतीपर्यंत उघडं राहिलं. आणि पुन्हा तेच. आत्याबाई गाडी धरून उभ्या, खांदा लावून, आणि गाडी स्टँडवर नाही.

मी कमान खाली केली. दोन्ही पाय जमिनीला टेकले का ते वाकून बघितलं, ह्यांच्यासारखंच. "आत्याबाई," मी म्हटलं, "हातांनी ओढायची नाही. पाय इथे ठेवा, या कमानीच्या पायावर, आणि नुसतं उभं राहा. तुम्ही त्या अंगाला, मी या अंगाला."

पातळ पायांची कमान असती तर दोघींचे पाय मावले नसते. बदकपायावर मावले. एका बाजूला त्यांचा भेगाळलेला पाय, दुसऱ्या बाजूला माझा. मी म्हटलं, "आता," आणि दोघी एकदमच त्या लोखंडावर उभ्या राहिलो. गाडी सुरकन मागे सरकली आणि वर चढली. मागचं चाक अधांतरी गरगर फिरत राहिलं.

आत्याबाईंनी हँडल सोडलं. हातांकडे बघितलं, मग चाकाकडे, ते थांबेपर्यंत. मग त्यांनी विचारलं,

"तुका तेवा म्हायत होता?"

बाहेर कुणीतरी ओरडत गेलं. मी म्हटलं, "हो."

त्यांनी ओचा सारखा केला, पदराने हात पुसले. झोळीत मुलगी कुरकुरायला लागली होती.

"घे तिका," त्या म्हणाल्या. "मी दार लावतंय."

आणि भिंतीपर्यंत उघडलेलं दार सरळ, पुरतं लागलं.